केळीच्या भावावर बोलता येतं, मग मुलाखतीत जीभ का अडखळते?

यावल तालुक्यातला एक मुलगा आमच्या कॉलेजात कॅम्पस मुलाखतीला बसला होता. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, मार्क चांगले, शर्टाला इस्त्री. पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्यात विशेष काय आहे?" तो म्हणाला, "तसं काही नाही, मॅडम." पुढची चार मिनिटं त्याने टेबलाच्या कडेकडे बघत काढली. प्लेसमेंटचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होतो.

बाहेर आला आणि त्याचा फोन वाजला. घरी केळीची कापणी चालू होती, आणि व्यापाऱ्याचा माणूस ठरल्यापेक्षा कमी भाव लावत होता. व्हरांड्यात उभ्या उभ्या या मुलाने आधी वडिलांना शांत केलं, मग त्या माणसाला फोनवर घेतलं. "काल तुम्ही रावेरचा भाव धरून बोलला होता, मेसेज आहे माझ्याकडे. घड भरले नाहीत म्हणता ना? मग न भरलेले बाजूला काढा. बाकीचे ठरल्या भावाने जातील. गाडी उभी ठेवायची असेल तर ठेवा, आमची हरकत नाही." पाच-सहा मिनिटांत मिटलं. आवाज एकदाही चढला नाही.

समोरच्याचं ऐकून घेणं, पुरावा पुढे ठेवणं, चिडलेल्या माणसाला थंड करणं, थोडं सोडून बाकीचं राखणं. ज्यासाठी कंपन्या हजारो रुपये देऊन प्रशिक्षक बोलावतात, ते मी व्हरांड्यात फुकटात पाहिलं. आणि दहा फुटांवर, दाराच्या आत, हाच मुलगा "तसं काही नाही" म्हणून आला होता.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांतून एसटीने किंवा पॅसेंजरने अपडाऊन करणाऱ्या आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर फारच बरं, कारण यातली बरीच कामं शेवटच्या सत्रात उरकण्यासारखी नाहीत.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

"सॉफ्ट स्किल्स" म्हणजे फाडफाड इंग्रजी आणि टाय, असा आपल्याकडे समज आहे. हा शब्द खरं तर लष्करातून आला. १९७०च्या सुमारास अमेरिकी लष्कराचे प्रशिक्षण अधिकारी सैनिकाच्या कामांची वर्गवारी करत होते. यंत्राशी संबंध असलेली कामं एका बाजूला, आणि माणसं व कागदपत्रं सांभाळण्याची कामं दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या ढिगाला त्यांनी "सॉफ्ट" म्हटलं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी "जीवन कौशल्य" नावाचा अभ्यासक्रम आणला. त्यात संवाद, व्यावसायिक कौशल्यं, नेतृत्व व व्यवस्थापन आणि मानवी मूल्यं असे चार भाग आहेत. टाय कुठेच नाही.

दुसरा शब्द आत्मविश्वास. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये याबद्दल एक मोठा कामाचा विचार मांडला. "मी भारी आहे" ही भावना वेगळी, आणि "हे अमुक काम मला जमेल" हा भरवसा वेगळा. तो भरवसा कामागणिक बदलतो. व्यापाऱ्याशी बोलताना दहापैकी नऊ असलेला भरवसा पॅनेलसमोर दोनवर येऊ शकतो, माणूस तोच असला तरी. असा भरवसा कुठून येतो, याच्या बांडुराने चार वाटा सांगितल्या: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणं, विश्वासू माणसाने "तुला जमेल" म्हणणं, आणि ऐनवेळी आपल्या शरीराची धडधड आपण कशी वाचतो ते. यात सगळ्यात वजनदार पहिली वाट.

म्हणूनच प्रेरणादायी व्याख्यानाचा असर बसस्टँड येईपर्यंत उतरतो. मीही एकेकाळी व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका क्लासला फी भरली होती. तीन आठवडे आरशासमोर उभं राहून "मी जिंकणारच" म्हटलं. चौथ्या आठवड्यात बँकेत डीडी काढायला गेलो, तर काउंटरवरच्या साहेबांसमोर शब्द फुटेना. आरशाने बिचाऱ्याने कधी उलट प्रश्न विचारलाच नव्हता.

पायरी १ : वही घ्या आणि आजवर केलेलं लिहून काढा

दोनशे पानी साधी वही चालेल. मोबाईलमध्ये लिहू नका, सापडत नाही. पहिल्या पाच-सहा पानांवर गेल्या तीन-चार वर्षांत तुम्ही माणसांशी किंवा कागदांशी केलेली कामं लिहा. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी हव्यात: कोणाशी गाठ होती, तुम्ही नेमकं काय केलं, शेवट काय झाला.

"माझ्याकडे लिहायला काही नाही" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. मग विचारतो, श्रावणात घरी कानबाई देवी बसते का? बसते. भाऊबंदांची किती घरं जमतात? अकरा. कोणाकडे किती दळण, कोण कधी येणार, सुरतेहून येणाऱ्या काकांना स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, हे कोण बघतं? "मीच बघते, सर. आईला फोनवर जमत नाही." आता हे कागदावर उतरवा: अकरा घरं, दोन दिवस, खर्चाची वर्गणी, एक रुसलेली आत्या आणि तरी वेळेवर झालेला कार्यक्रम. नियोजन शिकवणाऱ्या पुस्तकात आत्या नसते, एवढाच फरक.

धडगावकडच्या एका मुलीने लिहिलं होतं की, गावात आरोग्य शिबिर झालं तेव्हा डॉक्टरांचं मराठी ती बायांना पावरी या आदिवासी बोलीत सांगायची आणि बायांचं दुखणं डॉक्टरांना मराठीत. दोन दिवस. हे काम तिने शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. सगळ्यात वर होतं "हॉबी : म्युझिक ऐकणे".

आजोबांना सिव्हिलला नेणं, डेअरीचा हिशोब, गणपती मंडळाचं पावतीपुस्तक, शेजाऱ्यांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, हे सगळं लिहा. जे फसलं तेही लिहा. मुलाखतीत फसलेल्या कामाबद्दल हमखास विचारतात.

पायरी २ : भीतीची शिडी

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीच्या मागेपुढे झाल्या तरी बिघडत नाही.

कोणाशी बोलताना, कुठे उभं राहताना पोटात गोळा येतो, अशी दहा कामं लिहा. प्रत्येकाला भीतीचे गुण द्या, एक ते दहा. मग कमी गुणांपासून जास्तीपर्यंत लावा. शिडी प्रत्येकाची वेगळी असते, पण साधारण चित्र असं: ऑफिसच्या खिडकीवर जाऊन बोनाफाईडबद्दल विचारणं (तीन). वर्गात एक शंका विचारणं (चार). अनोळखी कार्यालयात फोन करणं (सहा). पाहुण्यांचा दोन मिनिटांत परिचय करून देणं (सात). विषय देऊन गटचर्चेत बसवलं तर पहिलं वाक्य आपण बोलणं (आठ). अख्ख्या सभागृहासमोर सूत्रसंचालन (दहा).

आठवड्याला एक पायरी. करण्याआधी भीतीचे गुण लिहायचे, केल्यावर लगेच पुन्हा लिहायचे. धरणगावच्या बाजूची एक विद्यार्थिनी फोनला फार घाबरायची. तिला शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत फोन लावायला सांगितलं. तिने कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या: माझं नाव, मी कुठून बोलतेय, मला काय हवंय. आधीचे गुण नऊ. फोन लागला, पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "उद्या करा," आणि ठेवून दिला. वहीत तिची नोंद आहे: "नंतर ४. काम झालं नाही. पण मेले नाही." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लावला. कोणती कागदपत्रं लागतात ती यादी मिळाली. त्या दिवशीची नोंद "आधी ५, नंतर २".

तिसऱ्या महिन्यात अशा नोंदींची पानं चाळली की भीतीचा अंदाज दर वेळी किती फुगलेला होता ते आपल्याच अक्षरात दिसतं. तुमच्याच वहीशी वाद कसा घालणार?

दोन पथ्यं पाळा. एकदम सातव्या पायरीवर उडी मारू नका. सुरुवातीलाच आपटलात तर शिडीवरचाच विश्वास जातो. आणि उलट, सोप्या तीन पायऱ्यांवरच घुटमळू नका. बांडुराचंच निरीक्षण आहे की ज्याला सगळं सहज मिळत गेलं, तो पहिल्या अपयशाला लवकर खचतो. थोडं अडखळून मिळालेलं यश जास्त टिकतं.

वरच्या पायऱ्यांसाठी जागा कॉलेजातच आहेत, फक्त आपण त्यांना "टाइमपास" म्हणून सोडून देतो. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. त्या शिबिरात चाळीस-पन्नास पोरांच्या भाजीत मीठ किती, यावरून होणारं भांडण मिटवलंत तर ते पहिल्या नोकरीत कामी येईल. विद्यापीठाचा युवारंग महोत्सव असतो, संशोधनाची आवड असेल तर आविष्कार स्पर्धा असते. स्टेजवर जायचं नसेल तर पडद्यामागे राहा: कपडे, वेळापत्रक, माइक. पडद्यामागच्या मुलांना मुलाखतीत सांगायला जास्त गोष्टी असतात, हा माझा अनुभव.

पायरी ३ : भाषेचा गुंता

आमच्याकडे "ळ"चा "य" होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. अहिराणी असो, तावडी असो, लेवा गणबोली असो, ही खूण जिभेवर राहते. पुण्यात शिकायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी "शाया" म्हणून वेडावलं आणि पुढचं वर्षभर तोंडच उघडलं नाही, अशी मुलं मी बघितली आहेत. बोलीने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, त्या एका हसण्याने गप्प केलं.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या ज्या बोलीत बोलत, त्याच बोलीत त्यांनी कविता रचली. तीच बोली बोलल्याबद्दल त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या पोराने मान खाली घालायची, हे काही पटत नाही.

पण म्हणून मुलाखतीत "कथा चालना रे भाऊ" (कुठे चाललास रे भाऊ) चालणार नाही. घरी बोली, कॉलेजात प्रमाण मराठी, गरजेपुरती हिंदी आणि इंग्रजी: खान्देशातला व्यापारी दिवसभर हे करतो. भुसावळ स्टेशनवरचा हमाल तर प्रवाशाचं पहिलं वाक्य ऐकून भाषा बदलतो. तुम्हीही घरात शिरताना चपला काढता तशी नकळत भाषा बदलताच. तेच आता जाणूनबुजून करायचं.

इंग्रजीसाठी माझा उपाय अगदी साधा आहे. रोज पंधरा मिनिटं आपल्याच विषयाचं पान मोठ्याने वाचा, मग तेच चार वाक्यांत आपल्या शब्दांत सांगून मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिले दहा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. अकराव्या दिवसापासून आपण कुठे अडतो ते कळायला लागतं. बोलताना शब्द सुचला नाही तर "मे आय से इट इन मराठी?" असं विचारा. बरेच जण हो म्हणतात, आणि न म्हणणाऱ्यांकडेही गप्प बसण्यापेक्षा हे बरं दिसतं.

पायरी ४ : आपल्यातलाच कोणीतरी गाठा

ही पायरी छोटी आहे. टीव्हीवरच्या उद्योगपतीला बघून "मलाही जमेल" असं वाटत नाही, कारण तो आपल्यासारखा नसतो. तुमच्याच तालुक्यातून, तुमच्याच कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं-मुली शोधा. विभागप्रमुखांकडे नंबर असतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला ती गावी येतात. तेव्हा अर्धा तास मागा. "पॅकेज किती?" हा प्रश्न शेवटी. आधी विचारा: पहिल्या महिन्यात कुठे अडलास? साहेब कशावरून ओरडले? कोणती गोष्ट इथेच शिकून गेला असतास तर बरं झालं असतं? उत्तरं वहीत.

पायरी ५ : पगाराआधी कामाचा वास घ्या

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. बरीच मुलं ओळखीच्या दुकानाचं सर्टिफिकेट आणून हे क्रेडिट उरकतात. ओळखीच्या काकांनी शिक्का मारून दिला तर क्रेडिट मिळेल, बाकी हातात काही उरणार नाही.

जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहेत, चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत. शहरात सराफ बाजार आहे. शिरपूरला कापडाचा उद्योग आहे, नंदुरबारला मिरचीची बाजारपेठ आहे. आज जगभर पसरलेल्या विप्रोची सुरुवात १९४५ साली अंमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, तेव्हा आपल्याकडे शिकण्यासारखं काही नाही असं म्हणू नका. डाळ मिलच्या ऑफिसात महिनाभर बसलात तर बिल, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, उधारी मागण्याची भाषा आणि न रागावता नाही म्हणण्याची कला, हे सगळं कानावर पडतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही विद्यावेतनासह शिकाऊ म्हणून काम करता येतं, त्याची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. ती चौकशी करणं हीच शिडीवरची एक पायरी समजा.

एक सावधगिरी. "नोकरी लावून देतो, आधी एवढे भरा" म्हणणारा कोणीही असला, अगदी नात्यातला असला, तरी पैसे देऊ नका. आणि गोड बोलणं आलं म्हणून टॅली, जीएसटी, एक्सेल किंवा तुमच्या विषयाचं जे मूळ असेल ते सोडू नका. पोकळ भरवसा मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

पायरी ६ : मुलाखत

ईमेल आयडी आधी बदला. "किंगऑफखान्देश" नावाच्या पत्त्यावरून आलेला अर्ज मी स्वतः पाहिला आहे. नाव आणि आडनाव पुरे. मेलच्या विषयाच्या ओळीत पद आणि तुमचं नाव लिहा.

आता त्या यावलच्या मुलाकडे वळू. पहिल्या वेळी "काही नाही" म्हणाला, मग कोणीतरी शिकवलं म्हणून म्हणायला लागला, "मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे, माझं कम्युनिकेशन चांगलं आहे." हे वाक्य रांगेतला प्रत्येक जण म्हणतो. आम्ही दोघांनी वही उघडून बसून जे उत्तर तयार केलं ते असं होतं:

"आमची केळीची बाग आहे. कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याने ठरलेल्या भावापेक्षा कमी भाव लावला. वडील चिडले होते, आणि कापणी थांबली असती तर घड झाडावरच पिकायला लागले असते. मी फोनवर आदल्या दिवशीच्या मेसेजची आठवण करून दिली, न भरलेले घड वेगळे काढायला तयार झालो, बाकीचा माल ठरल्या भावाने गेला. तेव्हापासून भाव ठरला की मी लगेच मेसेजवर लिहून घेतो."

परिस्थिती काय होती, जबाबदारी काय होती, मी काय केलं, शेवट काय झाला. त्याला शेवटी जोडलेलं "त्यातून मी काय बदललं" हे वाक्य सगळ्यात मोलाचं. वहीतल्या चार-पाच कामांची अशी उत्तरं बांधून ठेवा. घोकू नका. घोकलं की मध्येच एक शब्द विसरतो आणि सगळी माळ ओघळते. गोष्ट तुमचीच आहे, ती सांगायची.

शरीराबद्दल थोडं. जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचं, सकाळी स्टँडवर तोंड धुवायचं आणि दहाला मुलाखत द्यायची, ही आपली पद्धत. रात्रभर झोप नाही, पोटात फक्त चहा, मग छाती धडधडते आणि आपण समजतो, "मी घाबरलोय, मला जमणार नाही." अर्धी धडधड जागरणाची असते. जमत असेल तर एक दिवस आधी जा, ओळखीच्या पोराच्या खोलीवर पथारी टाका. ते शक्य नसेल तर निदान दोन पोळ्या खाऊन आत जा. हाताला घाम येतोय तर येऊ द्या. शेवटच्या षटकात चेंडू हातात घेतलेल्या बॉलरलाही तो येतो.

पायरी ७ : नकार आला तर

येणारच. तेही वहीत: कुठे, कोणत्या पदासाठी, कोणत्या प्रश्नावर अडलो. "नशीबच खराब" आणि "मी नालायक" या दोन नोंदींना बंदी आहे, कारण पुढच्या वेळी त्यांचा उपयोग करता येत नाही. "एक्सेलमध्ये पिव्होट टेबल विचारलं, आलं नाही" ही खरी नोंद. कधी जागा एक आणि उमेदवार दोनशे असतात. त्यात तुमचा दोष नसतो, तर तसंच लिहा.

दोन दिवस जाऊ द्या आणि ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना एवढाच मेल करा: "संधीबद्दल आभारी आहे. माझी निवड झाली नाही, हे समजलं. पुढच्या तयारीसाठी मी कोणत्या एका गोष्टीवर काम करावं, हे कळवलंत तर उपयोग होईल." बहुतेक जण उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, आणि त्याखाली भीतीच्या शिडीची नवी पायरी लिहा. आधीचे गुण आजच टाका.